बायचा एकही खाडा नाही

"उद्यापासून कामावर येऊ नका, पगार मात्र पूर्ण मिळेल," असं मला कुणी सांगितलं असतं, तर मी त्या माणसाला तिथल्या तिथे पेढा भरवला असता. आमच्या ऑफिसात हे वाक्य खरोखर बोललं गेलं. माझ्या कानांनी ऐकलंय मी. पण माझं नशीब बघा, ते माझ्यासाठी नव्हतं. ज्या बाईसाठी होतं तिने डोक्यावरचं पिवळं हेल्मेट काढून काखेत धरलं, साहेबाकडे नीट पाहिलं आणि म्हणाली, "नाय."

एवढंच. कारण नाही, आभार नाहीत, विचार करून सांगते नाही. नाय म्हणजे नाय.

तिचं नाव सांगत नाही, तिला आवडणार नाही. सगळे तिला बाय म्हणायचे. पहिल्या दिवशी मी आपली शहाण्यासारखी "मावशी, चहा मिळेल का?" असं विचारून बसले. तिने कपबशा ठेवल्या खाली. "मावशी? तुझी आई माझी बहीन हाय कं? बाय म्हन. सगली बाय म्हंतात." मी कऱ्हाडची. आमच्याकडे परक्या बाईला मावशी म्हटलं की ती खूश होते. इथे पहिल्याच चहाला बोलणी खाल्ली. शिवाय ती मला तू म्हणाली. नंतर कळलं की ती सगळ्यांनाच तू म्हणते. गेटवरच्या रक्षकाला तू, ट्रकवाल्याला तू, मुंबईहून तपासणीला आलेल्या टायवाल्या अधिकाऱ्यालाही "तू बस, मी च्या आनते." आणि तो निमूट बसायचा.

पनवेलहून उरणकडे निघालात की जासईच्या आसपास रस्त्याच्या दोन्ही बाजूंना रंगीत लोखंडी पेट्यांचे ढीग दिसतात. बंदरातून आलेले कंटेनर तिथे एकावर एक रचून ठेवतात, कागदपत्रं झाली की ते पुढे जातात. असल्याच एका यार्डात मी कागदांच्या विभागात होते. कुठली पेटी कधी आली, कुठल्या रांगेत ठेवली, कधी बाहेर गेली, याची नोंद. बाय तिथे शिपाई. गेटवरून ऑफिसात फायली नेणं, चहा, झाडलोट, आणि ज्याला त्याला तोंडावर बोलणं.

आता माझं सांगते, म्हणजे बायचं कळेल. मी कामचुकार नाही. एकदा खुर्चीत बसले की मान मोडून काम करते, कुणालाही विचारा. पण अंथरुणापासून त्या खुर्चीपर्यंतचं अंतर मला पार होत नसे. आम्ही करंजाडेला राहायचो, तिसऱ्या मजल्यावर. कंपनीची बस सात वीसला कोपऱ्यावर यायची. मी सव्वासहाचा गजर लावायचे आणि तो पाच वेळा बंद करायचे. सहाव्यांदा नवरा बंद करायचा. तो घरूनच काम करतो, त्याला काय जातंय बोलायला! मला झोपेतून उठवून म्हणायचा, "अगं, मनाची तयारी लागते." एकदा त्याने मला पहाटे चारला उठणाऱ्या थोर माणसांचा व्हिडिओ पाठवला. मी आठवडाभर त्याच्याशी बोलले नाही.

बस चुकली की सबबी. घरात पाणी नाही. गॅसवाला येणार आहे. पोटात मुरडा आलाय. गॅसवाला तर आमच्याकडे महिन्यातून तीनदा येत असे, आम्ही जणू भटारखाना चालवत होतो. उशिराच्या लाल खुणा माझ्या नावापुढे इतक्या झाल्या की ऑफिसने मला समजपत्र दिलं. ते पत्र मला आणून दिलं कुणी? बायनेच. तिला वाचता येत नव्हतं, पण पाकिटाचा रंग ओळखता येत होता.

"निजून राहतेस कं?" तिने विचारलं.

"बाय, तुला रोज उठावंसं वाटतं तरी कसं?" मी वैतागून म्हणाले.

"वाटतं?" तिला तो शब्दच कळेना. "वाटाला कंला पायजे? पाय खाली ठेवावाचा. मंग दुसरा. शेतान पानी शिरलं तं तू काय म्हनशील, आज मना वाटत नाय?"

"माझं कुठे शेत आहे?"

"मंग तुझं काय हाय?"

एवढं बोलून ती फायली उचलून गेली. मला असा राग आला म्हणून सांगू! समजपत्राचा आला नव्हता तेवढा आला.

बाय गावातून चालत यायची. साडेसातला, सगळ्यांच्या आधी. लुगड्यावर नारिंगी जाकीट, अंबाड्यावर अबोलीचा गजरा आणि गजऱ्यावर हेल्मेट. सुरक्षा विभागाचा नियम होता की यार्डात हेल्मेटशिवाय फिरायचं नाही. गजरा काढायचा असं नियमात नव्हतं, म्हणून तिने तो काढला नाही. आल्या आल्या ती चहाचं आधण ठेवत नसे. आधी सगळ्या यार्डाला एक फेरी. हात मागे बांधून, सावकाश, मधेच थांबून खाली बघत. कुठे गेली होतीस विचारलं की म्हणायची, "शेतान." "कामावर" हा शब्द तिच्या तोंडून मी कधी ऐकला नाही. मला वाटायचं, जवळपास कुठे तरी वाल-तूर लावत असेल.

एकदा तिने माझं मनगट धरलं आणि मला आत नेलं. क विभाग, चौथी रांग. दोन्ही बाजूंना चार-चार मजली पेट्या, मधे डिझेलचा वास, खाली सिमेंट. तिने टाच आपटली.

"ह्यो माझा मोठा खाचर. इथून तिथवर. तिथं बांध. त्या निल्या पेटीच्या जागी आंबा, सासूने लावलेला. आंब्याखाली आमी जेवाला बसाचो. आन् त्या कोपऱ्यान उघाडी, खाडीचं पानी सोडाची नि धराची."

मी बघत राहिले. मला निळी पेटी दिसत होती, तिच्यावरचे नंबर दिसत होते. त्यातले निम्मे मला पाठ होते.

"आता कुठे आहे गं शेत, बाय?"

"खाली हाय. जाल कुठं? जमीन काय पलून जाते?"

जमीन संपादनात गेली तेव्हा तिची पोरं लहान होती. आधी मुरुमाचा भराव पडला, मग सिमेंट, मग पेट्या. घरटी एकाला नोकरी मिळणार होती. नवरा म्हणाला, मी मरेन पण त्या गेटातून सलाम ठोकत आत जाणार नाही. तो ओटीवर बसून राहिला. तिथेच खंगला आणि गेला. बायने ते दुःख माझ्यासमोर कधी उगाळलं नाही. एवढंच म्हणाली, "तो म्हनला, आपल्याच शेतान चाकरी करशील? मी म्हनले, आपल्याच शेतान जावाला मी कंला लाजू? ज्यानं घेतलं त्यानं लाजावं."

तेव्हापासून तिचा एकही खाडा नव्हता. थोरल्या मुलाच्या हळदीच्या दिवशीसुद्धा ती साडेसातला आली, फेरी मारली, तोंडाला हळद तशीच, आणि "आता जाते, पावने खोलंबलेत," म्हणून परत गेली. मुलं पुढे चांगली निघाली. जमिनीपोटी भूखंड मिळाला त्यावर इमारत बांधली, भाडेकरू ठेवले. दोघेही हात जोडायचे, आई, आता बस कर, लोक आम्हाला हसतात. ती म्हणायची, "घरान बसून भिंती चाटू कं?"

यार्डात पेट्या उचलणारं एक राक्षसी यंत्र असतं, माणसाएवढ्या चाकांचं. ते चालवणाऱ्या पोरांना ती खालून ओरडायची, "हलू ठेव रे बाला, खाली जमीन हाय!" ती पोरं हसायची. पण ठेवायची हळूच. इतर वेळी पेटी धाडकन आदळायची, बाय उभी असली की कप ठेवल्यासारखी बसायची.

तिच्यामुळे सगळ्या यार्डालाच तिची नावं लागली. क विभाग चौथी रांग कोण म्हणतंय? "मोठ्या खाचरात टाक." सहाव्या रांगेच्या टोकाला "उघाडीपाशी." बिहारहून आलेला ड्रायव्हरदेखील फोनवर सांगायचा, "आंबे के नीचे खडा हूँ." आंबा कुणीच पाहिला नव्हता. मी तर नाहीच.

आणि इथेच माझ्या हातून ती चूक झाली.

नवे साहेब येऊन दोन आठवडे झाले होते. पुण्याचे, बोलायला गोड, शर्टाला सुरकुती नाही. वाईट माणूस नव्हता, हे मी आजही म्हणते. पण त्यांना सगळं झकपक लागायचं. त्या दिवशी एक बडी पार्टी आपली पेटी बघायला आली होती. साहेब म्हणाले, मी स्वतः दाखवतो. माझ्याकडून चिठ्ठी मागवली. मी आदल्या दिवशी उशिरा आलेली, कामाचा डोंगर, हात आपोआप चालत होता. विभाग आणि रांग लिहायच्या रकान्यात मी लिहिलं, "मोठा खाचर, आंब्याखाली." आणि दिली पाठवून.

साहेब पाहुण्यांना गाडीत घालून यार्डभर फिरले. पंधरा मिनिटं, भर उन्हात. झाड शोधत. शेवटी यंत्रावरच्या पोराला थांबवून विचारलं, "अरे, इथे आंब्याचं झाड कुठे आहे?"

"झाड नाही साहेब."

"मग हे आंब्याखाली म्हणजे?"

"ते इथेच. तुम्ही आंब्याखालीच उभे आहात."

पाहुणे पोट धरून हसले म्हणतात. साहेब नाही हसले. त्यांनी मला बोलावलं, चिठ्ठी टेबलावर ठेवली आणि विचारलं, हे कुणी शिकवलं. तेव्हा मी गप्प बसायला हवं होतं. मी म्हणाले, "बायमुळे सगळेच म्हणतात, सर." खरं तेच सांगितलं. पण सांगताना माझ्या मनात स्वतःची कातडी वाचवण्यापलीकडे काही नव्हतं, हे मला ठाऊक आहे.

आठवड्याभरात बायला केबिनमध्ये बोलावणं आलं. मी तिथेच सह्या घ्यायला उभी होते. साहेब म्हणाले, "बसा आई. तुम्ही खूप वर्षं केलंत. आता निवृत्तीला चौदा महिने राहिले. साफसफाई आणि चहाचं काम आपण बाहेरच्या एजन्सीला देतोय. तर तुम्ही उद्यापासून येऊ नका. पगार पूर्ण मिळेल. नातवंडांत रमा."

"नाय," बाय म्हणाली.

साहेबांना वाटलं, तिला समजलं नाही. त्यांनी पुन्हा सांगितलं, सावकाश, हातवारे करून.

"माझं काम बिघडलं हाय?" बायने विचारलं.

"नाही हो, अजिबात नाही."

"माझी तब्येत बिघडली हाय?"

"देवाच्या कृपेने ठणठणीत आहे."

"मंग तुझं काय बिघडलं हाय?"

साहेबांचे कान लाल झाले. तरी आवाज गोड ठेवून म्हणाले, "आई, लोक यासाठी नवस बोलतात."

"मंग त्यांना दे," बाय म्हणाली. हेल्मेट डोक्यावर चढवलं आणि पुढच्या टेबलावरचे रिकामे कप गोळा करायला लागली.

कागदावर मात्र साहेबांनी काही दिलं नाही. जमिनीच्या बदल्यात मिळालेली नोकरी, गाव गेटाला लागून; असल्या बाईला काढल्याचा कागद दिला तर अख्खं गाव गेटावर येईल, एवढं त्यांना कळत होतं. पुढच्या सोमवारी बायने गेटवर कार्ड लावलं आणि लाल दिवा लागला. परत लावलं, परत लाल. रक्षक बिचारा खाली मान घालून म्हणाला, "बाय, बंद कर दिया ऊपर से."

बायने वाद घातला नाही. गेटाबाहेर एक मैलाचा दगड पडलेला होता, त्यावर बसली. मांडीवर डबा, डोक्यावर हेल्मेट. साडेसात ते साडेपाच. ट्रक धुरळा उडवत जायचे, ती पदराने तोंड झाकायची आणि पुन्हा आत बघत बसायची. आमची बस तिच्या पुढ्यातून आत गेली तेव्हा बसमधल्या सगळ्यांना एकदम मोबाइलमध्ये काहीतरी महत्त्वाचं दिसलं. मलाही दिसलं. खोटं कशाला बोलू?

मंगळवारीही तेच. बुधवारी मी गेलेच नाही. गजर झाला, बंद केला, पुन्हा झाला, पुन्हा बंद केला. आजवर मी आळसाने पडून राहायचे, त्या दिवशी लाजेने राहिले. आपल्यामुळे एक म्हातारी बाई दगडावर बसलीय आणि आपण खिडकीतून बघत जायचं, हे माझ्याच्याने होईना. नवरा म्हणाला, "बरं नाही का?" मी म्हणाले, "नाही. बरी नाहीये मी. माणूस म्हणून बरी नाहीये." तो घाबरून चहा करायला गेला.

गुरुवारी मी बसमधून गेटाबाहेरच उतरले. काय करायचं ते ठरलेलं नव्हतं. बायच्या शेजारी जाऊन उभी राहिले. तिने माझ्याकडे पाहून तोंड वाकडं केलं, "काल गॅसवाला आलता कं?"

मी मान वर केली तर समोर नियमांचा फलक. रोज त्याच्या खालून जात होते, वाचला कधी नव्हता. हेल्मेट घाला, धूम्रपान करू नका, वेग दहाच्या वर नको. आणि सातवा नियम: भेटीसाठी आलेल्या व्यक्तीची नोंद वहीत करावी, आणि संबंधित कर्मचाऱ्याने स्वतः गेटवर येऊन तिला आत न्यावं.

मी तो दोनदा वाचला. तिसऱ्यांदा मोठ्याने वाचला. मग रक्षकाच्या खोलीत गेले आणि भेटीची वही ओढून घेतली.

"मॅडम, ये क्या..."

"नियम सात. बाहेर लावलाय तुमच्याच लोकांनी. कर्मचारी मी, भेटायला आलीय ती. बोला."

त्याने पेन पुढे केलं. मला वाटतं, त्यालाही तीन दिवस झोप लागली नसावी. मी नाव लिहिलं. कोणाला भेटायचंय, तिथे माझं नाव. भेटीचं कारण, तिथे "वैयक्तिक" लिहिलं.

"काय लिवलंस?" बायने विचारलं.

मी सांगितलं.

"खोड. शेत लिव."

मी खोडलं. शेत लिहिलं. तिच्या गळ्यात पाहुण्यांचा बिल्ला अडकवला आणि आम्ही दोघी आत गेलो. ती सरळ फेरीला. चौथ्या रांगेपाशी तिने खाली बसून सिमेंटवर हात फिरवला, तापलेल्या पोराच्या कपाळावर फिरवतात तसा. तीन दिवसांत प्रथमच तिचे डोळे भरले. मी तिकडे पाठ केली, नाही तर माझेच वाहिले असते.

त्या दिवसापासून माझी झोप गेली म्हणा किंवा संपली म्हणा. पाहुण्याला न्यायला कर्मचाऱ्याने स्वतः यावं लागतं. मी नाही गेले तर बाय बाहेर. दुसऱ्या कुणी सही करायची हिंमत केली असती का, माहीत नाही. मी विचारलं नाही आणि कुणी आपणहून सांगितलं नाही. सव्वासहाचा गजर एकदाच वाजू लागला. काय शिव्या घातल्यात मी त्या बाईला रोज सकाळी दात घासताना! पण पाय खाली. मग दुसरा. चौदा महिन्यांत मला एकही लाल खूण नाही. एकदा अंगात सडकून ताप होता, तरी गेले, वहीत तिचं नाव लिहिलं आणि टेबलावर डोकं टेकून पडले. बायने येऊन कपाळाला हात लावला.

"मरावाला आलीस कं?"

"तुझ्यामुळे आले!"

"माझ्यामुलं? मी बोलवलं होतं? कवा?" असं म्हणून तिने मला तिच्या डब्यातली पेज पाजली आणि दिवसभर उशाशी बसून राहिली, मधूनमधून माझ्या खानदानाचा उद्धार करत.

आत आल्यावर ती काम करत नसे, हे सांगायला हवं. कामाला एजन्सीची माणसं होती. बाय फेरी मारून ऑफिसच्या बाकड्यावर बसायची आणि ज्या चहाच्या किटल्या तिने इतकी वर्षं वाहिल्या, त्या वाहणाऱ्या नव्या मुलीला हाक मारायची, "ए पोरी, पावनी आलीय. च्या दे. साकर जास्त." चहाला नावं ठेवायची ती वेगळीच.

साहेबांनी महिनाभर बघून न बघितल्यासारखं केलं. मग मला बोलावलं. समोर भेटीची वही.

"रोज एकच व्हिजिटर? रोज?"

"हो सर."

"आणि कारण, शेत?"

"हो सर."

"हे तुम्हाला विनोदी वाटतंय का?"

"मला नाही वाटत. वाटत असेल तर तुम्ही हसा."

माझं तोंड मला कधी ऐकत नाही. साहेबांनी पेन खाली ठेवलं. "तुमची बढती या वर्षी माझ्या हातात आहे, हे माहीत आहे ना?"

"माहीत आहे."

"मग?"

"मग करा काय करायचं ते. मी वेळेवर येते, काम पूर्ण करते, नियमाने पाहुणा आणते. तिला येऊ द्यायचं नसेल तर तसं कागदावर द्या. सही, शिक्का घालून. मीच वाचून दाखवते तिला. गावातही वाचून दाखवते, त्यांना वाचायला कुणी नसेल तर."

साहेबांनी वही मिटली आणि म्हणाले, "जा." त्या वर्षी बढती दुसऱ्याला मिळाली. घरी जाऊन मी भांडी आपटली, थोडी रडलेही. सकाळी सात वीसची बस पकडली.

चौदा महिने भरले. निरोप समारंभ झाला, थाटात झाला. ज्या बाईला गेटाबाहेर ठेवलं होतं तिच्यासाठी साहेबांनी शाल, नारळ, घड्याळ, सगळं मागवलं. भाषणही केलं, बाय म्हणजे आपल्या परिवाराचा आधारवड वगैरे. तिची दोन्ही मुलं गाडी घेऊन आली होती. त्यांचे चेहरे बघण्यासारखे होते, सुटलो बुवा एकदाचे! साहेब बायला म्हणाले, दोन शब्द बोला.

ती उठली. शाल नीट केली. "काय बोलू? तुमी सगली बरी हाव. उद्या भेटू."

सगळे हसले. कुणीतरी कुजबुजलं, सवय आहे हो म्हातारीला. साहेबांनीही हसत टाळ्या वाजवल्या. मी हसले नाही, मला रडू आवरत नव्हतं. कारण मला वाटलं, खरंच तिला उमगलेलं नाही. उद्या ती साडेसातला निघेल आणि मुलं तिला दारात अडवतील.

दुसऱ्या दिवशी गजर झाला तेव्हा मी बराच वेळ छताकडे बघत पडले. आज गेटवर कुणी उभं नसणार होतं. आज मी नाही गेले तर कुणाचं काही अडणार नव्हतं. रजा टाकायला याहून चांगला दिवस नव्हता, आणि जुनी सवय मला पांघरुणात खेचत होती. उठले कशी ते मला आजही सांगता येणार नाही. उठले. बस पकडली. सबंध रस्ता खिडकीबाहेर बघत होते आणि काही दिसत नव्हतं.

गेटाशी बस वळली आणि मी जागची उभीच राहिले. दगडापाशी बाय. लुगडं, अबोलीचा गजरा, हातात डबा. हेल्मेट नव्हतं, ते काल तिला परत करावं लागलं होतं. मी ड्रायव्हरला ओरडून बस थांबवली आणि उतरले.

रक्षक गोंधळून दोघींकडे बघत होता. "मॅडम, ये तो कल रिटायर हो गयी ना?"

"कामावरची रिटायर झाली," बाय म्हणाली. "मी वरीसभर कामावर होते कं? मी पावनी. पावन्याला कंची आली रिटायरमेंट?"

तिने माझ्याकडे वळून पाहिलं. चेहरा नेहमीसारखाच, पण डबा धरलेली बोटं घट्ट आवळलेली. चौदा महिने ती या कंपनीची माणूस होती, तिला अडवताना साहेबांची पंचाईत होती. आज ती कुणीच नव्हती, आणि तिला हे पुरतं कळत होतं. साहेबांची गाडी गेटाशी येऊन थांबली. काच खाली झाली. ते बघत होते, मी आता काय करते ते.

"उशीर केलास गो," बाय म्हणाली, जरा हळू आवाजात. "लिव."

मी खोलीतून वही बाहेर आणली. साहेबांना नीट दिसेल अशी ती त्यांच्या गाडीच्या बॉनेटवर ठेवली, आणि तिचं नाव लिहिलं.